फेरात तुमची जागा

तुम्ही विठ्ठलवाडी आगारात उभे आहात. २५ ऑगस्ट २०२५, रात्रीचे साडेनऊ. परवा गणपती. समोरच्या लाल गाडीच्या काचेमागे कागद चिकटवलाय आणि त्यावर मार्करने तालुक्याचं नाही, गावाचंही नाही, थेट वाडीचं नाव लिहिलंय. यंदा एसटीने कोकणासाठी पाच हजार जादा गाड्या जाहीर केल्यात. त्यातल्या कितीतरी अशा, मंडळांनी अख्ख्याच्या अख्ख्या ठरवलेल्या. बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. त्यामुळे एरवी गुडघ्यांचं कारण सांगणाऱ्या आज्याही पिशव्या सांभाळत पायऱ्या चढताहेत. मखर डिकीत मावत नाही, म्हणून ते सीटांच्या मधल्या वाटेत उभं राहतं आणि पुढचे नऊ-दहा तास सगळे त्याला वळसा घालून जातात. पुढच्या चाकाशी नारळ फुटतो. गाडी सुटते.

शेजारी बुवा बसलेत. सत्तरीचे. मांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ढोलकी, पायाशी कापडी पिशवी. गाडीने खड्डा घेतला की पिशवीतली चाळ वाजते.

"कुठल्या वाडीचे?"

तुम्ही कुठल्याच वाडीचे नाही, हे सांगावं लागतं. बुवांना त्याचं काही वाटत नाही.

"बरं झालं. फेरात एक माणूस कमी हाय. नाचता येतं?"

"नाही."

"येईल."

खिडकीबाहेर विठ्ठलवाडी मागे पडते. कल्याण सुटलं की लगेच येणारं हे स्टेशन; एका बाजूला उल्हासनगरचा बाजार, दुसऱ्या बाजूला कल्याण पूर्वेच्या चाळी आणि आता चाळींच्या जागी उठलेल्या इमारती. बुवा इथे हौसेने आले नाहीत. लालबागमधली दहा बाय बाराची खोली विकली आणि रेल्वेच्या नकाशावर पैसे जिथवर पुरले तिथे उतरले. या गाडीतल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे. गिरणगाव रिकामं होत गेलं तसतसं ते विरार, दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूर असं रुळांच्या कडेकडेने सांडत गेलं.

शिळफाट्याला गाडी अडकते. मागच्या सीटवरचा एक तरुण मोबाइलवर कुणाला तरी सांगतोय, "हो, आमच्या गावची परंपरा आहे, जाखडी." बुवा खाकरतात.

"गावची कसली? लालबागची."

तुम्हाला वाटतं म्हातारा गंमत करतोय. तो अजिबात गंमत करत नाहीये. जाखडीची मांडणी सोपी आहे: मधे बुवा, ढोलकी, झांज आणि झील धरणारे; त्यांच्याभोवती एका पायात चाळ बांधलेले नाचे गोल फिरतात. आधी गण, मग गवळण, मग सवालजवाब. एक बारी शक्तीवाल्यांची, त्यांच्या लेखी पार्वती श्रेष्ठ. दुसरी तुरेवाल्यांची, त्यांच्या लेखी शंकर. खरी मजा सवालजवाबातच. पण ही गाणी बांधली कुठे, बसवली कुठे, ढोलकीला शाई कुठे चढवली? गणपतीच्या आधीचे दोन महिने नाचणारे हात गावात नसायचेच. ते मागावर असायचे. गाव फक्त खळं सारवून ठेवायचं. शहराने 'बाल्या नाच' असं हिणवत नाव ठेवलं, आणि या लोकांनी तेच नाव पायात चाळ बांधावी तसं बांधून घेतलं.

"माझ्या आज्याने एक सवाल घातलेला," पनवेलच्या पुढे बुवा म्हणतात. "घर कुणाचं? राखतो त्याचं, का पोसतो त्याचं? अजून फिटलेला नाय."

पेण, वडखळ, कोलाड, माणगाव. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल इथे काही लिहीत नाही. ज्यांची पाठ त्यावरून गेली आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि इतरांना खरं वाटणार नाही. पोलादपूर मागे पडतं, फटफटायला लागतं आणि कशेडीचा बोगदा येतो. सुमारे दोन किलोमीटरचा. २०२३ च्या गणपतीला त्याची एक बाजू घाईने उघडली, तोवर सगळे वरच्या घाटातूनच जायचे. आत शिरल्यावर मोबाइलचं नेटवर्क जातं. पिवळे दिवे एकेक करून मागे पळतात. तुम्ही बुवांकडे बघता तर त्यांचे केस काळे झालेत. पुन्हा बघता तर त्या सीटवर ते नाहीतच. दिवे संपतात, बोगदा संपत नाही.

मग घामाचा आणि कापसाच्या तंतूंचा वास येतो.

तुम्ही लालबागमधल्या एका गावकीच्या खोलीत आहात. १९३७ चा श्रावण. खोली एक, माणसं वीसेक. पण वीस जण एका वेळी कधीच नसतात. पहिल्या पाळीचे निजतात तेव्हा रात्रपाळीचे कामावर असतात, आणि एकाची वळकटी गुंडाळली की तिथेच दुसऱ्याची उलगडते. भिंतीवर खुंट्याच खुंट्या, प्रत्येक खुंटीला एका माणसाचा सगळा संसार. खानावळवालीचे पैसे दिले की उरलेले मनीऑर्डरने गावी. १८५० च्या दशकात कावसजी दावरांनी मुंबईत पहिली कापडगिरणी उभी केली, तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्यातली भाताची खाचरं माणसं पुरवताहेत आणि मनीऑर्डरी परत घेताहेत.

आज तालीम आहे. बुवांचा आजा, तिशीतला, काटक, कानात बाळी, भिंतीला टेकून बसलाय. आठ जण गोल उभे राहिलेत. खोली इतकी लहान की पुढच्याच्या पाठीला नाक लागतं. तुम्हाला कुणी विचारत नाही तुम्ही कोण. फेरात फट दिसली म्हणून तुम्हाला तिथे ढकलतात.

"पाय वाजवू नका रे! खाली रात्रपाळीचे निजलेत."

म्हणून जाखडी इथे बिनआवाजी शिकवतात. चाळ बांधायची नाही. टाच उचलायची, पण टेकवताना श्वास सोडावा तशी टेकवायची. ढोलकीवर पंचा टाकलेला. सवाल कुजबुजत म्हणायचे, जवाब त्याहून हळू. उजवा पुढे, डावा मागून जोडायचा, कंबरेत वाकायचं, गिरकी, पुन्हा उजवा. तुमचा पाय चुकतो. मागचा माणूस शब्द न बोलता तुमच्या पोटरीला पायाने सरळ करतो. दोन महिने असं दबून नाचल्यावर गावच्या मातीवर पहिल्या रात्री पाय कसे पडत असतील, याचा अंदाज तुम्हाला येतो.

अंदाज कशाला, बघाच. गिरकी पुरी करून तुम्ही सरळ होता तेव्हा पायाखाली फरशी नसते. शेणाने सारवलेलं, ओलं, गार खळं असतं. तेच वर्ष, सप्टेंबर. गुहागरच्या बाजूची एक वाडी. गौरीची रात्र. पावसाने जरा उसंत घेतलीय. बायकांनी पाणवठ्यावरून तेरड्याची गौर आणून घरात बसवलीय, नव्या सुना सुपं घेऊन ओवसायला जाऊन आल्यात, तिखटाचा नैवेद्य झालाय. फेर आधी कुणाच्या अंगणात धरायचा याला क्रम आहे. पहिलं अंगण खोताचं.

हे खळं मोठं आहे, पडवी रुंद आहे, आणि पडवीत खुर्ची आहे. नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची जमीन या खुर्चीच्या नावावर आहे. पिकातला अर्धा हिस्सा अर्धेलीचा, वर वेठ. म्हणजे खोताच्या शेतात, खोताच्या घरी, खोत सांगेल तेव्हा फुकट राबायचं. मुंबईला माणसं काही चित्रपट बघायला गेली नाहीत.

आणि पाय पडतात. पहिल्याच ठेक्याला खळं हादरतं. आठ पायांतली चाळ एकदम, एका वेळी. ती दोन महिने पोटात धरून ठेवलेली असते. कंदिलाची वात लवते. पडवीतल्या बायका तोंडावर पदर घेऊन हसतात.

गण होतो, गवळण होते. मग आजा उठतो आणि सवाल टाकतो. बाहेरून तो देवांचाच आहे: कैलासावरचं घर कुणाचं? भोलानाथ भिक्षा मागून आणतो त्याचं, की पार्वती चूल राखते तिचं? समोरचा शक्तीवाला तयारीतच आहे. तो पार्वतीच्या चुलीवर तीन कडवी सहज रचतो. खोत मान डोलावतो. त्याला पुराणातलं कळतं. मग आजा फेराच्या दुसऱ्या वळणावर, झांजेच्या आवाजात अर्धवट बुडवून, पोटातला सवाल काढतो: आणि जो राखतही नाही, पोसतही नाही, पण अर्धं उचलून नेतो, तो या कैलासावर कोण?

क्षणभर कुणीच झील धरत नाही. तुम्ही फेरात आहात, थांबता येत नाही. थांबलात तर सवालाचा अर्थ खोताला कळेल. म्हणून सगळे पाय आणखी जोरात पडतात. खोत हसतो की नाही, हे तुम्हाला दिसत नाही, कारण त्या वेळी तुमची पाठ पडवीकडे असते.

याच महिन्यात, १७ सप्टेंबरला, डॉ. आंबेडकर मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडणार आहेत. पुढच्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चा घेऊन जाणार आहेत. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडेल. आज्याला यातलं काही माहीत नसावं. किंवा असेलही, लालबागच्या खोलीत वर्तमानपत्र वाचून दाखवणारा एक जण असायचाच.

फेर वळतो. तुम्ही पुढच्याच्या पाठीमागे वळता आणि पुढची पाठ बदलते: धोतर जाऊन पँट येते. कंदिलाच्या जागी ग्यासबत्ती. खोताची पडवी तीच, खुर्ची नाही. १९८२.

या वर्षीचा फेर एवढा मोठा आहे की खळ्यात मावत नाही. एकात एक असे दोन फेर धरलेत. एरवी चार दिवसांची रजा घेऊन येणारे यंदा फाल्गुनापासूनच गावात आहेत. १८ जानेवारीला दत्ता सामंतांनी पुकारलेला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. एक महिना, दोन महिने, मग ज्यांना गाव होतं ते गावी आले. लावणी या माणसांनी कित्येक वर्षांनी स्वतःच्या हाताने केलीय. संपाला सात महिने झालेत. गणपतीच्या चारच दिवस आधी, १८ ऑगस्टला मुंबईत पोलिसांनीच बंड केलं आणि लष्कर बोलवावं लागलं, ही बातमी ट्रान्झिस्टरवर ऐकून प्रत्येक जण आपापला अर्थ लावून मोकळा झालाय.

तुमच्या पुढे नाचणारा सत्तावीस वर्षांचा तरुण वळून बघतो. विठ्ठलवाडीच्या गाडीतले बुवा. केस दाट, चेहरा झोप नसलेला.

शक्तीची बारी आज पलीकडच्या वाडीची. त्यांचा शाहीर पंचेचाळीस वर्षं जुना सवाल बाहेर काढतो. राखतो त्याचं की पोसतो त्याचं? आणि स्वतःच जवाब देतो: पोसणाऱ्याची मनीऑर्डर पौष महिन्यातच संपली. शेळी विकली ती राखणारीने. मुलाची फी भरली ती तिच्या पाटल्यांनी. आता पोसणारा पडवीत बसून तिचीच पेज पितो. मग सांगा, तुरेवाले, घर कुणाचं?

शक्तीवाल्यांच्या बाजूने टाळ्या येत नाहीत. त्यांच्याही घरात तीच पेज आहे.

तुऱ्याच्या बाजूने जवाब यायला वेळ लागतो. बुवांचे वडील डोळे मिटून उभे आहेत. अखेर ते म्हणतात त्याचा मथितार्थ एवढाच: पोसणाऱ्याने हात आखडले तर काय होतं ते आम्हाला नको, गिरणीला विचारा, सात महिने तिची चूल पेटलेली नाही. मग ढोलकी अशी सुटते की दोन्ही बाऱ्यांचे लोक फेरात शिरतात. शक्ती-तुरा असा भेदच त्या घटकेला राहत नाही. तुम्हाला धाप लागते, कुणीतरी तांब्या पुढे करतं, तुम्ही चालता चालताच पाणी पिता. पुढे काय होणार, हे त्या सगळ्या खळ्यात फक्त तुम्हाला ठाऊक आहे: संप कधी रीतसर संपला नाही, बरेचसे परत कामावर घेतले गेले नाहीत, आणि गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं ते तुम्ही लोकलमधून रोज बघता. सांगावंसं वाटतं. पण फेरात असताना सवालाबाहेरचं बोलायचं नसतं.

इथे वाट थोडी चुकते. म्हणजे फेर चुकत नाही, खळं बदलतं. १९९८ चा ऑगस्ट. तुमच्या हातात कुदळ नाही, पण तुम्ही खणण्याची खूण करताय. दोनदा खणायचं, कोळसा खांद्यावरून मागे टाकायचा, कपाळावर हात धरून चंद्राकडे बघायचं, गाडी ढकलायची, पुन्हा ढकलायची. मधे लाकडी मचाण, त्यावर मोठा ढोल, त्याच्याभोवती सुती किमोनोतल्या बायका, शाळेतली मुलं, म्हातारे, सगळे एकाच दिशेला गोल. तुम्ही जपानच्या क्यूशू बेटावर ओमुता शहरात आहात. हा बोन ओदोरी, ऑगस्टच्या मध्यात येणाऱ्या ओबोनचा नाच. आणि हे गाणं खाणकामगारांचं, 'तांको बुशी'.

इथे मिइके नावाची प्रचंड कोळशाची खाण होती. १९६० मध्ये तिथल्या कामगारांनी जवळजवळ वर्षभर संप केला आणि हरले. १९९७ च्या मार्चमध्ये खाण कायमची बंद झाली. खाण गेली, खणण्याची खूण राहिली. आता जपानभर, ज्यांनी आयुष्यात कोळशाचा तुकडा हातात धरलेला नाही ती पोरंही ओबोनला ती करतात. गिरणीची अशी खूण जाखडीत कुणी का आणली नाही, हा प्रश्न तुमच्या मनात येतो. धोटा फेकायचा, सूत जोडायचं, असा फेर बसवायला काय हरकत होती? कदाचित माग सोडून दोन घटका तरी बाहेर यावं म्हणूनच ते नाचत होते.

या नाचात तालीम नाही, बारी नाही, हारजीत नाही. पुढच्याचं बघायचं आणि करायचं. सवाल नसल्याने मला स्वतःला तो जरा मिळमिळीत वाटतो, पण तिथल्या लोकांना तिथे येऊन उभं राहण्याचंच कारण पुरतं. त्या तीन-चार दिवसांत घरचे मेलेले लोक परत येतात अशी समजूत आहे. ती बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन याने मेलेल्या आईला सोडवल्याच्या गोष्टीवर उभी आहे. दारात आग पेटवून पितरांना बोलवायचं, शेवटच्या दिवशी आग पेटवून निरोप द्यायचा. आणि त्याच दिवसांत तोक्यो, ओसाकाला गेलेली जिवंत माणसंही गावी परततात. आगगाड्यांची आरक्षणं संपतात, महामार्ग तुंबतात. वडखळ नाक्यावर तासभर उभ्या राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

फरक एकच, आणि तो गमतीचा नाही. त्यांनी दोन्ही परतणारे एकाच आठवड्यात बोलावले. आपण आधी जिवंतांना बोलावतो, नाचतो, गौर पोचवतो, परतीच्या एसटीत बसवतो. पितृपक्ष त्यानंतर लागतो. कोकणात पितर जेवायला येतात तेव्हा ज्यांच्या हातचं पाणी त्यांना हवं असतं ते कल्याण पूर्वेला पोचलेले असतात.

तुम्ही गाडी ढकलता, दोनदा, टाळी वाजवता, आणि टाळीबरोबर ढोलकी परत येते.

१ सप्टेंबर २०२५. गौरीची रात्र. खळ्यावर आता लाद्या बसवल्यात, वर पत्र्याचा मांडव, चारी कोपऱ्यांत पांढरे एलईडी. बुवा मधे बसलेत, पुन्हा सत्तरीचे. फेरात विठ्ठलवाडीच्या गाडीतला तो 'आमच्या गावची परंपरा' म्हणणारा तरुण आहे, दोन कॉलेजातल्या मुली आहेत, आणि तुम्ही. तालीम कल्याण पूर्वेच्या एका सोसायटीच्या गच्चीवर झाली, आणि तिथेही खालच्या मजल्यावरून तक्रार आलीच होती. चाळ बांधायला तुम्ही खाली वाकता तेव्हा बुवा गाठ स्वतः मारून देतात. घट्ट.

"सुटली तर लोक आपल्या बारीला हसतील," ते म्हणतात.

शक्तीच्या बारीला यंदा बाई शाहीर आहे. तिशीची, दिव्याला राहते, बारा तासांच्या ड्युटीची नोकरी करते म्हणे. गण तिने सुरेल म्हटला. गवळणीत बुवांना दोन कोपरखळ्या मारल्या, त्या त्यांनी हसून घेतल्या. मग बुवांनी घरचा सवाल टाकला, आज्याचा, जशाच्या तसा. राखतो त्याचं की पोसतो त्याचं? त्यांच्या बाजूचे लोक पुढे सरकून बसले.

बाईंनी झांज थांबवली नाही. राखणारा कोण आणि पोसणारा कोण, ते नंतर बघू, त्या म्हणाल्या. आधी या वाडीतली घरं मोजा. कुलपं किती? वर्षाचे तीनशे पन्नास दिवस ज्या दाराला कुलूप, ते घर राखणाऱ्याचंही नाही आणि पोसणाऱ्याचंही नाही, ते कुलपाचं. हसू फुटलं, पण जरा दबकतच. मांडवात बसलेल्या बऱ्याच जणांच्या खिशात ती किल्ली होती.

आणि मग त्यांनी उलटा सवाल घातला. गौर तीन दिवस येते, पाहुणचार घेते, तिखट खाते, ओटी भरून घेते आणि जाते. तिला आपण माहेरवाशीण म्हणतो. तुम्ही पाच दिवस येता, पाहुणचार घेता, तिखट खाता, पिशव्या भरून घेता आणि जाता. मग तुरेवाले, सांगा बरं, माहेरवाशीण कोण?

पडवीतल्या बायका आता पदर तोंडावर घेत नाहीत. त्या मोठ्याने हसतात, टाळ्या वाजवतात. मागच्या एका आजीने तर बोटं तोंडात घालून शिटी वाजवली. बुवा पान थुंकायला उठतात. पान त्यांनी संध्याकाळपासून खाल्लेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ते मांडवाच्या कडेला उभे राहून ओठ हलवत कडवं जुळवताहेत. बोटांवर मात्रा मोजताहेत, एकदा मान हलवून मोडताहेत, परत मोजताहेत. ढोलकीवाला त्यांच्याकडे बघत ठेका लांबवतो. तोवर फेर थांबवता येत नाही. थांबला तर बारी हरली.

मागून त्या तरुणाची थाप तुमच्या खांद्यावर पडते.

"काका, उजवा! उजवा पाय!"